खाली दुकाने, वर घरे: छोट्या मिश्र वापराच्या इमारतीची रहदारी आणि पार्किंगची गरज कशी काढावी

पुण्यात पौड रस्त्याच्या किंवा कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास होतो, तेव्हा नकाशा बहुतेक वेळा एकाच घाटाचा असतो: तळमजल्यावर दुकानांचे गाळे, पहिल्या मजल्यावर दवाखाने आणि एखादा क्लास, त्यावर घरे. सभेत कोणीतरी विचारतेच की पार्किंग पुरेल का, आणि आर्किटेक्ट नियमावलीतील तक्ता उघडून उत्तर देतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत असा तक्ता आहे आणि तो पाळावाच लागतो. परंतु परवानगीसाठी किमान किती जागा दाखवायच्या एवढेच तो सांगतो. संध्याकाळी सात वाजता प्रत्यक्षात किती वाहने येतील, हे सांगणे त्या तक्त्याचे कामच नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोजूनच काढावे लागते, आणि चोवीस-पंचवीस घरांच्या इमारतीसाठी ते काम दोन-तीन माणसांना आठवडाभरात जमण्यासारखे आहे.

पुढील विवेचनासाठी एक इमारत कल्पू. बारा मीटर रुंदीच्या रस्त्यावर तळमजल्याला सहा गाळे, पहिल्या मजल्यावर दोन डॉक्टरांचे दवाखाने आणि अकरावी-बारावीचा चाळीस मुलांच्या तुकड्यांचा क्लास, आणि वर दोन शयनगृहांची २४ घरे. तिच्याबाबत खाली येणारे आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. ते उचलून आपल्या अहवालात घालू नयेत.

आधी वापर सुटे करावेत

प्रत्येक वापराचे माप वेगळे असते. घरांची गरज घरांच्या संख्येवर ठरते, दुकानांची चटई क्षेत्रफळावर आणि मालाच्या प्रकारावर, दवाखान्याची तासाला तपासल्या जाणाऱ्या रुग्णांवर, तर क्लासची तुकडीच्या आकारावर आणि तुकडी बदलण्याच्या वेळेवर. ‘व्यापारी क्षेत्र इतके चौरस मीटर’ एवढीच नोंद करून पुढे गेल्यास हा सगळा फरक पुसला जातो. औषधांचे दुकान आणि फर्निचरचे दुकान एकाच क्षेत्रफळाचे असले, तरी पहिल्यात गिऱ्हाईक पाच मिनिटे थांबते आणि दिवसभर येत राहते, तर दुसऱ्यात दिवसाला मोजकी माणसे येतात, पण मोटारीने येतात आणि तासभर बसतात. गाळे कोणाला जाणार हे ठरलेले नसेल, तर आजूबाजूच्या शंभर-दीडशे मीटरमध्ये कोणती दुकाने चालतात ते पाहावे आणि त्यांतील जास्त गर्दीचा प्रकार धरावा.

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्स्पोर्टेशन इंजिनिअर्सचे दर, म्हणजे कोणत्या वापरामागे वाहनांच्या किती फेऱ्या होतात याचे आकडे, वापरण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ते तयार मिळतात. ते दर प्रामुख्याने मोटारीने वावरणाऱ्या उपनगरांतील मोजणीवर उभे आहेत. दुचाकी, रिक्षा आणि पायी येणारे गिऱ्हाईक हाच ज्या रस्त्याचा मुख्य प्रवाह आहे, तेथे त्यांचा उपयोग फार तर पडताळ्यापुरता आहे.

मोजणी कोठे, केव्हा आणि कशी करावी

आपल्या इमारतीसारख्या, शक्यतो त्याच भागातील आणि दोन-तीन वर्षे राहत्या झालेल्या तीन इमारती निवडाव्यात. मंगळवार ते गुरुवारपैकी एक दिवस आणि शनिवार किंवा रविवार असे किमान दोन दिवस मोजणी करावी. दिवाळीची खरेदी, गणेशोत्सव आणि शाळांच्या सुट्ट्या टाळाव्यात. दुकानांची साप्ताहिक सुट्टी भागागणिक बदलते, ती आधी विचारून घ्यावी. दुपारची विश्रांती हा पुण्यातील थट्टेचा विषय असला, तरी आपल्या कामात ती गंभीरपणे घ्यावी लागते. मी पहिल्यांदा केलेली मोजणी दुपारी दोनला सुरू केली होती आणि पहिले दोन तास निम्मी शटरे बंद होती. तो दिवस वाया गेला. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ या वेळा मोजल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

रस्त्यावर सम-विषम तारखांचे पार्किंग असेल, तर मोजणीचा एक दिवस सम आणि एक विषम तारखेचा घ्यावा. पी-१ आणि पी-२ च्या पाट्या असलेल्या रस्त्यावर इमारतीच्या बाजूची कडा एक दिवसाआड मोकळी मिळते, आणि ती बंद असते त्या दिवशी तीच वाहने फाटकातून आत शिरू पाहतात किंवा समोरच्या बाजूला लागतात.

रहिवाशांची वाहने मोजण्यासाठी रात्री अकरानंतरची किंवा पहाटे पाचच्या सुमाराची फेरी करावी. या फेरीत आवारातील वाहनांबरोबरच बाहेर रस्त्यावर लावलेली सोसायटीची वाहनेही धरावीत. पहारेकऱ्याला ती ओळखता येतात आणि तो सहसा सांगतोही. कव्हर घातलेल्या, चाकांभोवती पाने साचलेल्या मोटारी वेगळ्या नोंदवाव्यात: त्या रोज फिरत नसल्या, म्हणजे रहदारीत भर घालत नसल्या, तरी जागा मात्र चोवीस तास अडवतात. घरोघरी विचारायचे असेल तर ‘गाडी किती?’ असे विचारू नये. पुण्यात गाडी म्हणजे स्कूटरही असते, आणि मग दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात पडते. चारचाकी किती आणि दुचाकी किती, असे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

दुकाने, दवाखाने आणि क्लास यांसाठी दर पंधरा मिनिटांनी उभ्या वाहनांच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक टिपत एक फेरी मारावी. एखादा क्रमांक सलग तीन फेऱ्यांत दिसला, तर ते वाहन साधारण पाऊण तास थांबले. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात येऊन गेलेली वाहने यातून निसटतात, आणि किराणा, दूध किंवा औषधाच्या दुकानासमोर हीच संख्या सर्वांत मोठी असते. म्हणून दुकानांसमोर दुसरा माणूस केवळ येणाऱ्यांच्या खुणा करीत बसलेला असावा. त्याने प्रत्येक चौथ्या गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी विचाराव्यात: कशाने आलात, आणि मुद्दाम आलात की जाता जाता थांबलात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढे रहदारी काढताना लागते.

तासाला किती आणि किती वेळ

पार्किंगच्या हिशेबाचा कणा एका गुणाकारात आहे: एका वेळी उभी असलेली वाहने म्हणजे तासाला येणारी वाहने गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ, तासांत. आपल्या सहा गाळ्यांकडे संध्याकाळी तासाला ४८ दुचाकी येतात आणि सरासरी पंधरा मिनिटे थांबतात असे धरले, तर एका वेळी सरासरी १२ उभ्या असतील. पण वाहने घड्याळ लावून येत नाहीत. कधी आठ असतील, कधी सतरा. अशा आपापल्या मर्जीने येणाऱ्या वाहनांसाठी सरासरीचे वर्गमूळ घेऊन, त्याला १.६५ ने गुणून, ते सरासरीत मिळवावे. शंभरपैकी साधारण पंचाण्णव वेळा तेवढी जागा पुरते. १२ चे वर्गमूळ सुमारे ३.५, म्हणून १२ अधिक ५.८, म्हणजे १८ जागा. मोटारी तासाला १२ येऊन वीस मिनिटे थांबत असतील तर सरासरी ४ आणि तरतूद ८. संख्या जितकी लहान, तितकी ही वाढ प्रमाणाने मोठी असते, आणि छोट्या इमारतींचे अंदाज बऱ्याचदा नेमके येथेच चुकतात.

दवाखान्यात डॉक्टर रुग्णाला दहा मिनिटे देत असले, तरी वाहन उभे राहते ते नंबर लागेपर्यंतच्या प्रतीक्षेसह. दोघे डॉक्टर मिळून तासाला १२ रुग्ण तपासतात आणि प्रत्येक जण आवारात तासभर असतो असे धरू. त्यांतील तिघे मोटारीने, सहा दुचाकीने, दोघे रिक्षाने आणि एक पायी आला, तर एका वेळी ३ मोटारी आणि ६ दुचाकी, शिवाय डॉक्टरांच्या दोन मोटारी आणि कर्मचाऱ्यांच्या ३ दुचाकी उभ्या असतात. प्रतीक्षा दीड तासावर गेली की रुग्ण तेवढेच राहूनही त्यांच्या मोटारी ५ आणि दुचाकी ९ होतात. नंबर लावण्याची पद्धत बदलल्याने पार्किंग वाचते ते असे.

क्लासची अडचण निराळी. चाळीस मुलांपैकी वीस दुचाकीवर आणि दहा सायकलवर येतात, सहा जणांना घरचे सोडतात, चौघे पायी येतात असे समजू. (दुचाकीवर येणाऱ्या सगळ्यांकडे परवाना असतोच असे नाही, पण मोजणी करणाऱ्याने जे दिसते ते लिहावे.) एक तुकडी सुटताना दुसरी भरत असेल, तर त्या दहा-पंधरा मिनिटांत वीसच्या जागी चाळीस दुचाकी जमतात, आणि न्यायला आलेल्या पालकांच्या ३ मोटारी फाटकाबाहेर दिवे लुकलुकवत थांबतात.

तासवार बेरीज आणि कागदावरची बचत

आता प्रत्येक वापराची गरज तासवार मांडून बेरीज करावी. रात्रीच्या फेऱ्यांतून घरामागे ०.९ मोटार आणि १.६ दुचाकी निघाल्या असे धरल्यास २४ घरांच्या २२ मोटारी आणि ३९ दुचाकी होतात. सकाळी अकराला त्यांतील ९ मोटारी आवारात असतात, दुकानांना त्या वेळी ६ जागा लागतात, दुकानदारांच्या २, दवाखान्याच्या ५ आणि क्लासची १, मिळून २३. संध्याकाळी सातला रहिवाशांच्या १६ परतलेल्या असतात. दुकानांच्या ८, दुकानदारांच्या २, दवाखान्याच्या ५ आणि पालकांच्या ३ मिळवल्या की ३४ होतात. रात्री अकराला रहिवाशांच्या २२ आणि मुक्कामी पाहुण्याची १, म्हणजे २३. प्रत्येक वापराची सर्वांत मोठी गरज सुटी धरून बेरीज केली असती तर ४१ जागा लागल्या असत्या. एकत्र वापरामुळे ३४ मध्ये भागते आणि सात जागा वाचतात.

ही बचत मात्र कागदावरची आहे. ती हाती यायची तर रहिवाशाची मोटार बाहेर असताना त्याच्या जागेवर दवाखान्यातील रुग्णाला मोटार लावता आली पाहिजे, आणि आपल्या सोसायट्यांत जागेवर क्रमांक रंगवलेला असतो, काही ठिकाणी साखळी आणि कुलूपही असते. स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधील मोकळ्या जागेतील, पार्किंग स्वतंत्र मालमत्ता म्हणून विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच म्हटले आहे. तरीही वाटप झालेली जागा रहिवासी आपलीच मानतो, आणि घरी परतल्यावर तेथे परक्याची मोटार दिसली तर काय होते ते सांगायला नको. म्हणून माझा आग्रह असा असतो की रहिवाशांचे आणि व्यापारी वापराचे पार्किंग वेगळे मोजावे आणि एकत्र वापराची सूट फक्त दुकाने, दवाखाने व क्लास यांच्यातच धरावी. आपल्या उदाहरणात या तिघांचीही गर्दी सातच्या सुमारालाच होते, त्यामुळे तेथेही सूट जवळजवळ शून्य येते: रहिवाशांना पाहुण्यासह २३ आणि बाकीच्यांना १८ जागा लागतात.

दुचाकींचे गणित अधिक बोलके आहे. संध्याकाळी सातला गिऱ्हाइकांच्या १८, दुकानातील कामगारांच्या ९, रुग्णांच्या ६, दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांच्या ३ आणि तुकडी बदलताना मुलांच्या ४०, अशा एकूण ७६ दुचाकी येतात, आणि यांत एकही रहिवासी नाही. दोन तुकड्यांमध्ये पंधरा मिनिटांचे अंतर ठेवले की हाच आकडा ५६ वर उतरतो. क्लासच्या भाडेकरारात एवढी एक अट घालायला खर्च काहीच येत नाही. एका दुचाकीला १ बाय २ मीटर आणि मोटारीला २.५ बाय ५ मीटर जागा धरतात. येण्याजाण्याची वाट मिळवली की दोन्हीकडे साधारण तेवढीच जागा आणखी लागते.

यानंतर नकाशावरील प्रत्येक जागा कोणाच्या उपयोगाची आहे ते तपासावे. कोथिंबिरीची जुडी घ्यायला थांबलेला माणूस रॅम्प उतरून तळघरात स्कूटर लावत नाही. त्याच्यासाठी तळघरातील जागा नसल्यातच जमा आहे. दुकानांच्या १८ दुचाकी दर्शनी भागात, जमिनीच्या पातळीवर आणि पदपथ न अडवता बसल्या नाहीत, तर त्या रस्त्यावर बसणार हे गृहीत धरावे. एकावर एक मोटार ठेवणाऱ्या साध्या यांत्रिक पार्किंगमध्ये वरची मोटार काढायला खालची हलवावी लागते, त्यामुळे ती जोडी एकाच घराला दिली तरच दोन जागा म्हणून मोजावी. पाहुणे आणि रुग्ण यांच्यासाठी ती धरू नये. दुकानांचा माल सकाळी आणणारा छोटा हत्ती वीस-पंचवीस मिनिटे थांबतो, त्याची जागाही नकाशावर हवी.

फाटकातून रस्त्यावर

रहदारीसाठी उभी वाहने सोडून आत आणि बाहेर अशा दोन्ही फेऱ्या मोजाव्या लागतात. आलेले प्रत्येक वाहन जातेही, रिकामी परतणारी रिक्षाही रस्ता वापरते, आणि क्लासला सोडायला व न्यायला येणारा पालक एका मुलामागे चार फेऱ्या घालतो. सात ते आठ या तासात आपल्या इमारतीच्या मोटारींच्या फेऱ्या अशा: दुकाने २४, दवाखाना ६, पालक १२, रहिवासी ८, एकूण ५०. दुचाकींच्या: दुकाने ९६, रुग्ण १२, क्लासची मुले ४०, दुचाकीवरून सोडणारे पालक १२, रहिवासी १६ आणि घरपोच सेवेची मुले २४, एकूण २००. शेवटचा आकडा जुन्या मोजण्यांत नसे, आता तो वगळता येत नाही. याखेरीज रिक्षाच्या १० आणि सायकलींच्या २० फेऱ्या.

या सगळ्यांना एका मापात आणण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या आयआरसी १०६ या मार्गदर्शिकेतील पीसीयू, म्हणजे मोटारीच्या तुलनेत वाहन रस्त्याचा किती भाग व्यापते त्याचे माप, वापरतात. प्रवाहात दुचाकींचा वाटा ५ टक्के असेल तर तिला ०.५ आणि १० टक्के किंवा अधिक असेल तर ०.७५ धरतात; रिक्षाला याच क्रमाने १.२ आणि २, सायकलीला ०.४ आणि ०.५. पुण्यातील रस्त्यावर दुचाकीला ०.५ धरलेला अहवाल दिसला, तर तो पुढे वाचण्याआधी प्रश्न विचारावा. हे वाटे रस्त्यावरील एकूण प्रवाहावरून ठरवायचे असतात. येथे रिक्षा थोड्या आहेत आणि सायकलींना सावधगिरीने वरचा आकडा घेतला आहे असे समजून ५० अधिक १५० अधिक १२ अधिक १०, म्हणजे तासाला २२२ पीसीयू येतात.

फाटकाची रुंदी आणि आतील वळणे या २२२ साठी ठरवावीत. अडथळ्याचा दांडा रस्त्याला लागून न ठेवता निदान दोन मोटारी आत थांबतील इतका मागे घ्यावा. रस्त्यावरची नवी भर मात्र कमी असते. दुकानांच्या फेऱ्यांचे ९६ पीसीयू होतात आणि विचारलेल्यांपैकी ४० टक्के जाता जाता थांबले होते असे आढळले, तर सुमारे ३८ पीसीयू आधीच त्या रस्त्यावर होते. जुन्या इमारतीची मोजलेली रहदारी १५ असेल तर तीही वजा करावी. उरतात १६९. याच इमारतीत राहून खाली उतरून खरेदी करणाऱ्यांची वजावट येथे पुन्हा करू नये: आपण वाहने मोजली आहेत, आणि ती माणसे मोजणीत मुळात आलेलीच नाहीत. ही दुहेरी वजावट इतक्या अहवालांत दिसते की ती नेहमीच चुकून होत असेल, असे वाटत नाही.

दोन मार्गिकांच्या, दोन्ही दिशांना वाहणाऱ्या कलेक्टर प्रकारच्या, म्हणजे गल्ल्यांतील रहदारी मोठ्या रस्त्यांपर्यंत नेणाऱ्या, रस्त्याला हीच मार्गदर्शिका तासाला ९०० पीसीयू देते, आणि कडेला वाहने उभी असणे त्यात गृहीत आहे. दुहेरी रांगेत उभी राहिलेली वाहने मात्र त्यात गृहीत नाहीत. आज मोजलेली रहदारी ६४० असेल, तर ६४० अधिक १६९ म्हणजे ८०९, आणि सगळे ठीक दिसते. परंतु इमारत तीन वर्षांनी राहती होणार आहे. रस्त्याची रहदारी वर्षाला ५ टक्क्यांनी वाढते असे धरल्यास तोपर्यंत ६४० चे ७४१ होतात, आणि बेरीज ९१० वर जाते. तुकडी बदलण्याची वेळ सात ते आठच्या बाहेर नेली, तर क्लासच्या फेऱ्यांचे सुमारे ६० पीसीयू त्या तासातून निघतात आणि आकडा ८५० च्या आसपास येतो.

वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा मेट्रोचा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, आणि तेव्हापासून या पट्ट्यातील प्रस्तावांत ‘मेट्रोमुळे पार्किंगची गरज घटेल’ असे वाक्य वाचायला मिळते. स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवरील इमारतीत रात्रीची फेरी मारून घरामागची वाहने खरोखर कमी भरली तरच ते मान्य करावे. मेट्रोने कामाला जाणाऱ्याची मोटार दिवसभर घरीच उभी राहते, त्यामुळे फेऱ्या घटतात, पण जागा त्या प्रमाणात सुटत नाही.

अहवालात प्रत्येक गृहीत आकड्यासमोर तो मोजलेला आहे, विचारलेला आहे की धरलेला आहे हे लिहावे, आणि थांबण्याचा वेळ, घरामागची वाहने व रस्त्याची वार्षिक वाढ हे तीन आकडे कमी-जास्त करून हिशेब पुन्हा मांडावा. आपल्या उदाहरणात घरामागे ०.९ च्या जागी १.१ मोटार धरली की रहिवाशांच्या २२ मोटारींच्या २७ होतात. या पाच मोटारी कोठे उभ्या राहतील, ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला आर्किटेक्टला सांगावे.